गर्ट्रूड बेल एलियन

गर्ट्रूड बेल एलियन (२३ जानेवारी १९१८, न्यूयॉर्क – २१ फेब्रुवारी १९९९, चॅपेल हिल, नॉर्थ कॅरोलायना) या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ व औषधशास्त्रज्ञ होत्या. तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा झपाट्याने वाढणारा कर्करोग, या रोगावरील ६-मर्कॅप्टोप्युरीन (६-एमपी) हे औषध त्यांनी तयार केले. औषध पोटात गेल्यावर शरीरातील विकरे (एन्झाइमे) त्याचे काय करतात, याचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. या अभ्यासामुळे मर्कॅप्टोप्युरीनचा वापर अधिक जपून करणे शक्य झाले आणि त्यातूनच ॲलोप्युरिनॉल हे दुसरे महत्त्वाचे औषध हाती आले. जॉर्ज हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासह त्यांना १९८८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पीएच.डी. पदवी नसताना हे पारितोषिक मिळवणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते.

बालपण आणि शिक्षण

एलियन यांचा जन्म न्यूयॉर्क शहरातील एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. वडील रॉबर्ट वयाच्या बाराव्या वर्षी लिथुआनियातून अमेरिकेत आले आणि पुढे दंतवैद्य झाले. आई बर्था चौदाव्या वर्षी आल्या. त्यांचे मूळ गाव तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडच्या भागात होते. गर्ट्रूड सहा वर्षांच्या असताना धाकटा भाऊ हर्बर्ट याचा जन्म झाला आणि कुटुंब ब्राँक्स भागात राहण्यास गेले. इतिहास असो, भाषा असोत वा विज्ञान, सर्वच विषयांत त्यांना सारखी गोडी होती, त्यामुळे पुढे कोणता विषय घ्यावा हे शालेय जीवनात ठरले नव्हते.

हा निर्णय घरातील एका मृत्यूने झाला. त्यांचे आजोबा युरोपातून येऊन त्यांच्याजवळ राहिले होते. धर्मग्रंथांचा व्यासंग असलेल्या या वृद्धाशी नातीचे विशेष सख्य होते. १९३३ साली आजोबांचा जठराच्या कर्करोगाने मृत्यू झाला. त्यांच्या अखेरच्या वेदना पंधरा वर्षांच्या गर्ट्रूड यांनी जवळून पाहिल्या आणि या रोगावर उपाय शोधण्याच्या कामी आयुष्य वेचावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी त्यांनी हंटर महाविद्यालयात प्रवेश घेऊन रसायनशास्त्र हा विषय निवडला. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत वडिलांचे दिवाळे निघाले होते. हंटर हे मुलींचे महाविद्यालय होते आणि उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थिनींना तेथे शुल्क पडत नसे. ही सोय नसती तर त्यांचे उच्च शिक्षण शालान्त परीक्षेपाशीच थांबले असते. १९३७ साली त्या सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाल्या.

नोकरीचा शोध

पदवी हाती आली तो महामंदीचा काळ होता. पुढील शिक्षणासाठी त्यांनी अनेक विद्यापीठांकडे अर्ज केले, परंतु कोठेही आर्थिक साहाय्य मिळाले नाही. प्रयोगशाळांत स्त्रियांना घेण्याची पद्धत नव्हती. एका मुलाखतीत तर, प्रयोगशाळेत तरुण स्त्री आली की पुरुषांचे कामावरील लक्ष उडेल, असे कारण देऊन त्यांना नाकारण्यात आले. त्यांनी काही आठवडे सचिवाच्या कामाचे शिक्षण घेतले आणि तीन महिने परिचारिकांना जीवरसायनशास्त्र शिकवले. मग एका रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम पत्करले; तेथे पुढे आठवड्याला २० डॉलरपर्यंत वेतन मिळू लागले.

साठवलेल्या पैशांवर १९३९ मध्ये त्या न्यूयॉर्क विद्यापीठात पदव्युत्तर वर्गात दाखल झाल्या. रसायनशास्त्राच्या त्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. दिवसा त्या माध्यमिक शाळांत बदली शिक्षिका म्हणून रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र शिकवत, तर प्रयोग रात्री आणि सुटीच्या दिवशी करत. सुटीच्या दिवशी इमारतीतील उष्णता बंद असल्याने बन्सेन ज्योती पेटवून त्या ऊब मिळवत. १९४१ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. त्याच वर्षी त्यांच्या नियोजित वराचा हृदयाच्या झडपांच्या जिवाणूसंसर्गाने मृत्यू झाला. ज्या पेनिसिलिनने हा रोग बरा होऊ शकला असता ते काही वर्षांतच सर्वत्र उपलब्ध झाले. एलियन यांनी पुढे विवाह केला नाही.

दुसऱ्या महायुद्धामुळे पुरुष कर्मचारी दुर्मिळ झाले आणि प्रयोगशाळांची दारे स्त्रियांसाठी किलकिली झाली. एलियन यांना पहिले काम मिळाले ते खाद्यपदार्थांच्या तपासणीचे. लोणच्याची आम्लता मोजणे, मेयोनेजचा रंग पाहणे, व्हॅनिलाच्या शेंगा ताज्या आहेत की नाहीत ते ठरवणे, असे त्याचे स्वरूप होते. उपकरणे हाताळण्याचा सराव झाला, पण शिकण्यासारखे संपताच त्यांनी ती नोकरी सोडली.

बरोज वेलकममधील प्रवेश

वडिलांच्या दवाखान्यात येणाऱ्या औषधांच्या नमुन्यांमुळे बरोज वेलकम या कंपनीचे नाव घरात माहीत झाले होते. तिची संशोधनशाळा न्यूयॉर्कजवळ टकाहो येथे होती. १४ जून १९४४ रोजी एलियन तेथे जॉर्ज हिचिंग्ज यांच्या साहाय्यक म्हणून रुजू झाल्या. हे सहकार्य सुमारे चार दशके टिकले.

त्या काळी नवी औषधे बहुधा अंदाजाने शोधली जात. हाती येईल ते रसायन प्राण्यांना देऊन पाहावयाचे आणि गुण आला तर पुढे जावयाचे, अशी रीत होती. हिचिंग्ज यांचा विचार वेगळा होता. प्रत्येक पेशीला वाढण्यासाठी केंद्रकाम्ले (न्यूक्लिइक आम्ले) तयार करावी लागतात. जिवाणू आणि कर्कपेशी वेगाने वाढतात, म्हणून त्यांची ही गरज मोठी. केंद्रकाम्लांच्या घटकांसारखेच दिसणारे, पण किंचित बदललेले रसायन पेशीला दिले तर तिची विकरे फसतील, खोटा घटक स्वीकारतील आणि तिची वाढ खुंटेल. केंद्रकाम्लाची दुहेरी सर्पिल रचना उलगडण्यास तेव्हा जवळजवळ दहा वर्षांचा अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या तर्काचे धाडस कळते. हिचिंग्ज यांनी प्युरीन गटातील रसायनांचे काम एलियन यांच्याकडे सोपवले.

एलियन नोकरी सांभाळून ब्रुकलिन पॉलिटेक्निक येथे पीएच.डी.साठी संध्याकाळचे वर्ग करत होत्या. दोन वर्षांनंतर तेथील अधिष्ठात्यांनी त्यांना नोकरी सोडून पूर्णवेळ विद्यार्थिनी होण्यास सांगितले. त्यांनी नोकरी सोडली नाही आणि पदवीवर पाणी सोडले. त्या वेळी त्यांचे संशोधन एका निर्णायक टप्प्यावर येत होते. हा निर्णय योग्य ठरला असे आज सहज म्हणता येते, परंतु पदवीवाचून संशोधनक्षेत्रात, तेही एका स्त्रीने, उभे राहणे तेव्हा किती जोखमीचे होते याची कल्पना त्यावरून येत नाही.

मर्कॅप्टोप्युरीनचा शोध

चाळीसच्या दशकात तीव्र ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी निम्मी मुले तीन-चार महिन्यांत दगावत. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने काही मुलांचा रोग तात्पुरता मागे हटवला होता. (हे औषध ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाले तिच्या संशोधनाचे प्रमुख भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते.) रोग लवकरच उलटे, पण रसायनाने ल्युकेमियाला रोखता येते एवढे मात्र सिद्ध झाले.

एलियन यांचे पहिले आशादायक रसायन डायअमिनोप्युरीन हे होते. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत ते काही रुग्णांना देण्यात आले. एका तरुण स्त्रीचा रोग त्याने पूर्णपणे ओसरला आणि सुमारे दोन वर्षे ती बरी राहिली. पुढे रोग उलटून तिचा मृत्यू झाला. हे दुःख एलियन यांच्या मनातून अनेक वर्षे गेले नाही. अन्य रुग्णांना या औषधाने असह्य मळमळ व उलट्या होत आणि अस्थिमज्जेचे काम मंदावे. कर्कपेशी मारण्याइतकी मात्रा द्यावी तर रुग्णाची मज्जा ती सोसत नसे.

मग त्यांनी प्युरीनच्या रेणूत एकेका अणूचा फेरफार करून शंभरांहून अधिक संयुगे तयार केली आणि लॅक्टोबॅसिलस केसाय या जिवाणूवर ती तपासली. हायपोझँथीन या नैसर्गिक घटकातील सहाव्या स्थानावरील ऑक्सिजन काढून तेथे गंधकाचा अणू बसवला, तेव्हा जे संयुग मिळाले ते ६-मर्कॅप्टोप्युरीन. त्याचेच भावंड असलेले थायोग्वानीन हेही त्यांनीच तयार केले. मर्कॅप्टोप्युरीनने मुलांचा रोग मागे हटतो आणि त्याचा त्रास डायअमिनोप्युरीनपेक्षा कमी होतो असे स्लोन-केटरिंगमध्ये दिसून आले. रोगाची निकड इतकी होती की चाचण्या सुरू झाल्यावर वर्षाच्या आतच, १९५३ साली, अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. एलियन तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या.

तथापि हा विजय अपुरा होता. मुलांचे आयुष्य महिन्यांनी वाढले, पण बहुतेकांचा रोग वर्षभरात उलटला.

औषधाचे शरीरात काय होते

येथून पुढचे काम एलियन यांच्या वृत्तीचे खरे दर्शन घडवते. औषध बाजारात आले म्हणजे शोधकाचे काम संपले असे त्यांनी मानले नाही. किरणोत्सारी गंधक घातलेले मर्कॅप्टोप्युरीन रुग्णांना देऊन त्यांच्या मूत्रात त्याची कोणकोणती रूपे उतरतात, याचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माग काढला.

मर्कॅप्टोप्युरीन स्वतः निष्क्रिय असते. पेशीतील एक विकर त्याला फॉस्फेटयुक्त साखर जोडते, तेव्हा कोठे ते मारक होते. हे विकर ज्या कर्कपेशींत उरत नाही त्या औषधाला दाद देत नाहीत, हेही पुढे आढळले. दुसरीकडे झँथीन ऑक्सिडेज नावाचे विकर आतड्यात व यकृतात औषधाचा मोठा भाग निकामी करून टाकते. म्हणजे पोटात गेलेल्या गोळीचा कितीतरी भाग रक्तापर्यंत पोहोचतच नाही. हे विकर अडवले तर थोड्या औषधात काम भागेल आणि कदाचित रुग्णाचा त्रासही कमी होईल, असा एलियन व हिचिंग्ज यांचा होरा होता. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेत आधीच तयार असलेले ॲलोप्युरिनॉल हे संयुग निवडले. ते पेशींना फारशी इजा करत नसे, पण झँथीन ऑक्सिडेजला मात्र घट्ट अडवून धरत असे.

ड्यूक विद्यापीठातील वेन रंडल्स यांनी ते ल्युकेमियाच्या रुग्णांना मर्कॅप्टोप्युरीनसोबत दिले. होरा अर्धाच खरा ठरला. औषधाची मात्रा कमी पुरू लागली, परंतु तिचा विषारीपणाही त्याच प्रमाणात वाढला. गुण आणि अपाय यांमधील अंतर होते तेवढेच राहिले. ज्या हेतूने हा प्रयोग मांडला तो सफल झाला नाही, हे एलियन यांनी आपल्या लेखनात स्पष्ट नोंदवले आहे.

रुग्णांच्या रक्तातील युरिक आम्ल मात्र झपाट्याने उतरले होते. झँथीन ऑक्सिडेज हेच विकर शरीरात युरिक आम्ल तयार करते, म्हणून हे अपेक्षितच होते. ते किती उपयोगाचे आहे ते दोन ठिकाणी दिसले. एक म्हणजे गाऊट (वातरक्त): १९६६ साली या रोगावर ॲलोप्युरिनॉलला मान्यता मिळाली. भारतातील अनेक घरांत हे औषध झायलोरिक या नावाने परिचित आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द ल्युकेमिया. या रोगावरील उपचार लागू पडू लागले की अब्जावधी कर्कपेशी एकाच वेळी फुटतात. त्यांच्या केंद्रकाम्लांतील प्युरिनांचे युरिक आम्ल बनते, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि औषधाने रोग हटत असतानाच रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू शकतो. उपचाराच्या आरंभी ॲलोप्युरिनॉल देऊन हा धोका टाळता येऊ लागला. कर्करोगाचे औषध अधिक प्रभावी करण्यासाठी घेतलेले संयुग अशा रीतीने रुग्णाचे रक्षण करणारे ठरले.

यात एक मोठी मेख आहे, आणि ती विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. दोन्ही औषधे एकाच वेळी पोटातून नेहमीच्या मात्रेत दिली तर मर्कॅप्टोप्युरीन निकामी होत नाही, रक्तात साचते आणि अस्थिमज्जा मारते. म्हणून अशा वेळी मर्कॅप्टोप्युरीनची मात्रा नेहमीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांशापर्यंत खाली आणावी लागते. ही सूचना आजही औषधाच्या माहितीपत्रकात असते आणि तिच्यामागे वर सांगितलेले मूत्रतपासणीचे काम आहे.

इतर संशोधन

१९५८ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट श्वार्ट्झ व विल्यम डॅमशेक यांना मर्कॅप्टोप्युरीनमुळे सशांची प्रतिकारशक्ती दबते असे आढळले. एलियन यांच्या गटाने तयार केलेले ॲझाथायोप्रीन हे औषध शरीरात जाऊन मर्कॅप्टोप्युरीनच सोडते. रॉय काल्न यांनी कुत्र्यांवर ते वापरून पाहिले आणि १९६२ पासून रक्ताचे नाते नसलेल्या व्यक्तीच्या मूत्रपिंडाचे रोपण त्याच्या आधारे शक्य झाले. १९६७ मध्ये एलियन प्रायोगिक उपचार विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९७० मध्ये कंपनीबरोबर नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल पार्क येथे गेल्या. तेथे त्यांच्या गटाने ॲसायक्लोव्हिर या नागीणवर्गीय विषाणूंवरील औषधाचा अभ्यास केला. हे औषध विषाणूच्या स्वतःच्या विकरामुळेच सक्रिय होते, त्यामुळे निरोगी पेशींना त्याची झळ फारशी लागत नाही. मर्कॅप्टोप्युरीनच्या बाबतीत जे अंतर साधता आले नव्हते ते येथे साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

सन्मान

एलियन १९८३ साली निवृत्त झाल्या आणि त्याच सुमारास अमेरिकन कर्करोग संशोधन संघाच्या अध्यक्ष झाल्या. १९८८ च्या नोबेल पारितोषिकाची बातमी आली तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. १९९१ साली त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या नावावर ४५ पेटंटे होती. अनेक विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये त्यांची पीएच.डी. अर्धवट राहिली होती त्या संस्थेनेही १९८९ मध्ये ती दिली. औषधाने बरे झालेल्या रुग्णांची पत्रे त्या या सर्व मानसन्मानांहून अधिक मोलाची मानत.

निवृत्तीनंतर त्या ड्यूक विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशोधनात मार्गदर्शन करत. संगीतिका ऐकणे, प्रवास आणि छायाचित्रण हे त्यांचे छंद होते. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी चॅपेल हिल येथे त्यांचे निधन झाले.

ल्युकेमियाच्या उपचारांतील पुढील वाटचाल

एकटे मर्कॅप्टोप्युरीन रोग बरा करू शकत नाही, हे पन्नासच्या दशकातच स्पष्ट झाले होते. साठच्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आणि मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुजली. जिवाणूंपासून मिळवलेले ॲस्परॅजिनेज हे विकरही औषध म्हणून या उपचारांत सामील झाले. परके प्रथिन असल्याने त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून पुढे त्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण जोडण्यात आले. माणसाच्या शरीरात नसलेले, युरिक आम्ल तोडणारे विकर रासब्युरिकेज या नावाने वापरात आले. मूत्रपिंडांचा धोका मोठा असेल तेथे ॲलोप्युरिनॉलऐवजी ते दिले जाते. मात्र जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, म्हणून आधी तपासणी करावी लागते. प्रगत सोयी असलेल्या देशांत तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले आता बरी होतात.

मर्कॅप्टोप्युरीन मात्र या उपचारातून गेलेले नाही. रोग मागे हटल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ मुलाला घरी रोज ही गोळी घ्यावी लागते आणि रक्तातील पेशींची संख्या पाहून तिची मात्रा कमीजास्त केली जाते. एकच मात्रा एका मुलाला सोसते आणि दुसऱ्याच्या मज्जेला भारी पडते, याचे कारण पुढे विकरांतच सापडले. १९८० साली रिचर्ड वाइनशिल्बॉम यांनी दाखवून दिले की औषध निकामी करणारे टीपीएमटी हे विकर काही व्यक्तींत जन्मतःच जवळजवळ नसते. युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण सुमारे ३०० मध्ये एक आहे. भारतासह आशियातील लोकांत एनयूडीटी१५ या दुसऱ्या विकराच्या जनुकातील बदल टीपीएमटीतील बदलांपेक्षा अधिक आढळतात. असा बदल दोन्ही पालकांकडून आलेल्या मुलाला नेहमीच्या मात्रेचा लहानसा अंशही पुरतो, म्हणून शक्य असेल तेथे गोळ्या सुरू करण्यापूर्वीच ही जनुकीय चाचणी केली जाते.